देवराम पेंटरचा आजारी माणूस

जव्हार संस्थान विलीन झालं तेव्हा गावातल्या पुष्कळांच्या नोकऱ्या गेल्या. पण आपली नोकरी आपल्याच कुंचल्याने पुसण्याचा मान एकट्या देवराम पेंटरला मिळाला. वीस वर्षं त्याने कचेऱ्यांवर, फाटकांवर, अगदी घोड्यांच्या पागेवरसुद्धा 'संस्थान जव्हार' ही अक्षरं काढली होती. अठ्ठेचाळीस साली हुकूम आला, की जुनं खोडा आणि 'जिल्हा ठाणे' लिहा. देवरामने पंधरा दिवस खपून सगळं खोडलं आणि सगळं लिहिलं. शेवटची पाटी वाळत असताना कारकुनाने विचारलं, "काय देवराम, अजून काही पुसायचं राहिलंय का?"

देवराम म्हणाला, "मी राहिलोय."

आणि खरोखरच, पहिल्या तारखेला तोही पुसला गेला.

देवराम मूळचा सिन्नरकडचा. विशीत जव्हारला आला आणि इथलाच झाला. बायको लवकर वारली, मूलबाळ नव्हतं. बाजारपेठेच्या मागे एक खोली, खोलीत एक ट्रंक, ट्रंकेत रंगाचे डबे आणि डब्यांवर एक धोतर, एवढा त्याचा प्रपंच. उंच, बारीक, मिशा मात्र भरघोस. गणेशोत्सवातल्या नाटकांचे पडदे तोच रंगवायचा. पडदे तीन: राजवाडा, रस्ता आणि जंगल. देवरामच्या जंगलात आमच्या भागातलं एकही झाड नव्हतं. ताड होते, तळं होतं, तळ्यात कमळं होती आणि पाणी प्यायला वाकलेलं एक हरीण होतं. खिडकीतून बाहेर पाहिलं तर साग आणि ऐन उभे, पण देवरामचं म्हणणं, "ते रोजचंच आहे. त्याच्यासाठी पडदा कशाला?"

माणसांचंही तसंच. त्याला एकच चेहरा काढता यायचा, तो राजाचा. गोरा रंग, वर वळलेल्या मिशा, दूर कुठेतरी लागलेली नजर. बाजारातल्या एका तेलवाल्याने हौसेने स्वतःची तसबीर काढून घेतली, तर ती पाहून त्याच्या बायकोने डोक्यावर पदर घेतला.

पाट्या संपल्यावर देवराम पाळणे रंगवी, ट्रंकांवर नावं घाली, गणपतीला डोळे काढी. पण गणपती वर्षातून एकदा येतो आणि भूक दोनदा. नाशिकला त्याच्या मेव्हण्याचं पाट्या रंगवायचं दुकान होतं. मेव्हण्याचं दर महिन्याला पत्र यायचं: 'इकडे निघून या.' देवराम ते वाचून ट्रंकेत टाकायचा. त्याला जव्हार सोडायचं नव्हतं. का, ते त्यालाही सांगता येत नव्हतं. इथे त्याचं कोणी नव्हतं, हे खरं. पण ज्या गावात आपलं कोणी नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, ते गावही एक प्रकारे आपलंच असतं.

त्रेपन्न सालच्या आश्विनात त्याला डॉक्टर मोकाशींचा निरोप आला.

मोखाड्याच्या रस्त्यावर पळसमाळ नावाची वस्ती होती. तिथे सरकारने चार खाटांचा दवाखाना काढला होता. मोकाशी तिथले डॉक्टर. वय सव्वीस, कपडे पांढरेशुभ्र, स्वभाव हुशार आणि उतावळा. हिवतापाचे दिवस होते. त्यांची तक्रार रोगी येत नाहीत अशी नव्हती. रोगी येत होते, पण एकटे येत नव्हते. पाड्यावरचा एक माणूस तापाने फणफणला की त्याच्याबरोबर अकरा माणसं आणि एक कोंबडी येई. कोणी खाटेवर बसे, कोणी खाटेखाली. व्हरांड्यात चूल पेटे. डॉक्टर नाडी बघायला हात पुढे करत, तर दर वेळी भलत्याचाच हात हातात येई. एकदा तर त्यांनी कुनैनचं कडू मिक्स्चर एका धडधाकट माणसाला पाजलं. तो बिचारा भिडेखातर पिऊन टाकून म्हणाला, "आजारी तो आहे. पण तू एवढं आणलंस, तर नाय कसं म्हणू?"

"देवराम," डॉक्टर म्हणाले, "ही समोरची भिंत मोठी आहे. दारातून आत आलं की पहिली हीच दिसते. इथे एक चित्र काढा. एक रुग्ण, एक परिचारिका, पांढरी चादर. तिसरं माणूस नको. बघताक्षणी कळलं पाहिजे, की आजाऱ्याला शांतता हवी असते."

"शांतता कशी काढायची, डॉक्टरसाहेब?"

"तोंडं मिटलेली काढा!"

डॉक्टरांनी पुढचंही सांगून टाकलं. दिवाळीनंतर ठाण्याहून आरोग्यखात्याचे मोठे साहेब येणार होते. त्यांना चित्र पसंत पडलं तर या भागातल्या सगळ्या दवाखान्यांच्या भिंती देवरामच्याच. देवरामने मनातल्या मनात मेव्हण्याला उत्तर लिहून टाकलं: 'येत नाही.'

त्याने आठ दिवसांत चित्र पुरं केलं. आणि खरं सांगतो, ते त्याचं आजवरचं सगळ्यात चांगलं काम होतं. खाटेवर पांढऱ्या चादरीत एक माणूस उताणा, डोळे छपराकडे. बाजूला परिचारिका. तिचा चेहरा नाटकातल्या राणीचा असला तरी हातात थर्मामीटर होतं आणि नजर त्या थर्मामीटरवर खिळली होती. बाकी सगळी भिंत रिकामी, फिकट निळी. खाली त्याच्या झोकदार दरबारी अक्षरात पाटी: 'रुग्णाजवळ गर्दी करू नये.'

डॉक्टर दहा पावलं मागे गेले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "वा! शांतता आली."

खरोखरच आली. दुसऱ्या दिवसापासून दवाखान्यात कोणी येईना.

माणसं दारापर्यंत यायची. आत डोकवायची, भिंतीकडे बघायची आणि रोग्याला उचलून आल्या वाटेने परत निघायची. बाजाराच्या दिवशी तर एक म्हातारा डोलीत आला होता. त्याने स्वतः भिंत पाहिली आणि डोलीतून उडी मारून स्वतःच्या पायांनी डोंगर चढून गेला. डॉक्टरांनी आधी पाड्यावरच्या अंगारे-धुपारे करणाऱ्या भगतावर संशय घेतला, मग कुनैनच्या चवीवर. चारी खाटा मोकळ्या. गर्दीवर चिडणारे डॉक्टर आता व्हरांड्यातली थंड चूल बघून उसासे टाकायला लागले. दवाखान्याच्या फाटकात उभं राहून ते रस्त्याने जाणाऱ्यांना विचारत, "काय हो, कसकस वगैरे नाही ना?" लोक पावलं उचलत.

शेवटी कंपाउंडर म्हणाला, "साहेब, चित्र झाल्यापासून झालंय हे."

हे ऐकलं तेव्हा देवराम दवाखान्याच्या दाराच्या चौकटीला रंगाचा शेवटचा हात मारत होता. त्याच्या डोळ्यांपुढे नाशिकचं दुकान आलं.

दवाखान्यात झाडलोट करायला पोशी नावाची बाई होती, इथल्याच पाड्यावरची. झाडणं, पाणी भरणं, खाटा पुसणं ही तिची सरकारी कामं. आणि सगळ्यांना अक्कल शिकवणं, हे बिनसरकारी. तिच्या बोलीत 'तुम्ही' हा प्रकारच नव्हता. डॉक्टरांनाही ती 'तू'च म्हणायची, आणि ते मुंबईचे असून सहा महिन्यांत सरावले होते. देवरामने तिलाच विचारलं, "पोशीबाई, लोक परत का जातात?"

"मंग काय करतील? मेलेला माणूस काढलास नि दारात ठेवलास."

"मेलेला? अगं, डोळे उघडे आहेत त्याचे!"

"घाईत गेला असंल."

पोशीने झाडू खाली ठेवला आणि कमरेवर हात घेतले. "आमच्यात लग्नाचा चौक लिहितात, पाहिलास ना? भिंतीवर पीठ कालवून? त्यात झोपलेलं माणूस पाहिलंस कवा? नाचतात, पाणी भरतात, झाडावर चढतात. आडवा कोणी नाय. नि हा बघ. आडवा. एकटा. जित्या माणसाला असं एकटं कोण टाकतं?"

"ही परिचारिका आहे की शेजारी."

"ती त्या कांडीकडं बघते. माणसाकडं कोण बघतं?"

पोशीने चित्राच्या अगदी जवळ जाऊन चेहरा निरखला. "हा राजावानी नाय दिसत. तुझी सगळी माणसं राजावानी असतात ना? हा कोण हाय?"

"मीच आहे," देवराम म्हणाला.

आणि मग त्याने सांगितलं, एका दमात, कुंचल्याचे केस उपटत. दोन वर्षांपूर्वी त्याला विषमज्वर झाला होता. अठरा दिवस खोलीत पडून होता. शेजारची बाई दाराशी पाण्याचा तांब्या ठेवून जायची, चांगली होती बिचारी. तो छपराकडे बघायचा. छपराला तेरा वासे होते. "डॉक्टरसाहेब म्हणाले आजारी माणूस काढ. मला दुसरा कुठला माहीत नव्हता."

पोशी गप्प बसली. ही गोष्ट इतकी अपूर्व होती, की औषधखोलीतून कंपाउंडर काय झालं ते बघायला बाहेर आला. मग तिने पदर खोचला. "चल. माझी सासू तापानं पडली हाय. आजारी माणूस कसा असतो, ते दाखवते तुला."

देवराम वही आणि शिसपेन्सिल घेऊन तिच्यामागून टेकडी चढला. कुडाच्या भिंतींचं लहानसं घर, आत अंधूक आणि गच्च माणसं. मधोमध जमिनीवर पोशीची सासू नवशी पडली होती. पडली होती म्हणजे अंग तेवढं पडलं होतं. जीभ उभीच होती.

"पेज पातळ केलीस, सोमी. ताप मला आला हाय, भांड्याला नाय. लक्ष्या, पाय दाबतोस का मोजतोस? नि हा कोण मिशावाला?"

"पेंटर हाय. तुला काढायला आला."

"कठून काढायला?"

देवराम कोपऱ्यात टेकला आणि वही उघडली. लगेच तीन जणी त्याच्याकडे वळून बघायला लागल्या. त्याला वाटलं, चित्राचं कुतूहल असेल. तसं नव्हतं. त्या पाड्यावर एक रीत होती: आजाऱ्याच्या घरी नुसतं बघायला यायचं नाही. उंबरा ओलांडला की हाताला काम घ्यायचं. कोणी नागली दळत होतं, कोणी पाला ठेचत होतं, कोणी सुपाने वारा घालत होतं. ज्याला काहीच येत नव्हतं, तो कोंबडी धरून बसला होता. कोंबडी भगतासाठी होती. पण तिलाही आपण आजाऱ्याच्या कामी आलो आहोत याची जाणीव असावी, इतकी ती गंभीर होती.

"वही ठेव खाली," पोशी म्हणाली. "बसलास तर हात चालव."

"मला काय येतंय?"

नवशीने खुणेने त्याचा हात मागितला. चाचपून पाहिला. पाटी पुसण्याच्या तेलाने आणि पाण्याने वीस वर्षं भिजलेला, लांब बोटांचा हात. "अगं बाय, बेडकावानी थंड हाय," ती समाधानाने म्हणाली. "याला उशाशी बसवा."

देवराम उशाशी बसला आणि त्याने तिच्या कपाळावर हात ठेवला. जेवणवेळ टळली, उन्हं कलली, तरी तो तिथेच. हात तापला की दुसरा. मध्ये एकदा वही घ्यायला वळला, तर नवशी डोळे न उघडता म्हणाली, "हात." तिला हुडहुडी भरली की सगळ्या घराला हालचाल येई; गोधडी येई, शेकायला निखारे येत, कोणीतरी तिच्या अंगावर चक्क आडवं पडे. मग घाम फुटला की सगळी पुन्हा आपापल्या जागी, आणि थट्टा पुढे चालू. देवरामला बायको गेल्यापासून कोणी एवढा वेळ जवळ बसू दिलं नव्हतं. संध्याकाळी निघताना वहीचं पान कोरं होतं.

"काहीच काढलं नाहीस?" पोशीने विचारलं.

"हात रिकामा कुठे होता?"

"आलं तर ध्यानात," पोशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर चार दिवसांच्या बैठकीला ठाण्याला गेले. देवरामने भिंतीला शिडी लावली. उताण्या माणसाच्या आजूबाजूची सगळी निळी शांतता त्याने भरायला घेतली. सूप आलं, जातं आलं, पाला ठेचणारी सोमी आली, पाय दाबणारा लक्ष्या आला. परिचारिकेच्या हातातलं थर्मामीटर राहिलं, पण मान वळवून तिला रोग्याकडे बघायला लावलं. बातमी पाड्यावर गेली आणि लोक बघायला आले. बघायला आले ते सांगायलाही लागले. पेजेच्या मडक्यावर झाकण हवं. लुगडं असं नेसत नाहीत, गुडघ्यापर्यंत घे. कोंबडी तांबडी होती. एका बाईने तर तक्रार केली, की मी त्या दिवशी पाणी आणायला गेले होते म्हणून मला गाळलंस, हा काय न्याय? देवरामने तिला घागरीसकट दारातून येताना काढली. चौथ्या दिवशी नवशीने स्वतः हट्ट धरला आणि डोलीतून आली. चित्र बघितलं, त्याच्याखालच्या खाटेवर ऐसपैस आडवी झाली आणि कंपाउंडरला म्हणाली, "तुझं ते कडू पाणी आण."

ती प्यायली. तिच्या मागून आलेल्या तिघी प्यायल्या. चारी खाटा भरल्या, व्हरांड्यात चूल पेटली.

डॉक्टर परतले ते नेमके साहेबांच्या मोटारीतूनच. दिवाळीनंतर येणारे साहेब बैठक आटोपून तडक निघाले होते. रिकाम्या खाटांचं नाव न काढता मोकाशी उत्साहाने वाटभर शांततेचं वर्णन करत आले. दार उघडलं आणि समोर सतरा माणसं, एक कोंबडी. आणि ती फक्त भिंतीवरची. खालची वेगळी.

साहेबांनी भिंत बघितली. खालची पाटी वाचली: 'रुग्णाजवळ गर्दी करू नये.' पुन्हा भिंत बघितली.

"चित्र कोणी काढलं?"

"मी, साहेब."

"पाटी?"

"तीही मीच, साहेब."

"यात रुग्ण कुठे आहे?"

देवराम पुढे झाला आणि त्यालाही क्षणभर सापडेना. भरता भरता रोगी पार झाकून गेला होता. "आहे साहेब," तो घाबरून म्हणाला, "माणसांच्या आत आहे."

खाटेवरून नवशी म्हणाली, "ते काय, पाय दिसतात माझे."

डॉक्टरांचा चेहरा चादरीसारखा झाला होता. पण साहेबांनी रोग्यांची नोंदवही मागवली आणि खाटांकडे, रिकाम्या बाटल्यांकडे पाहून ते म्हणाले, "दोन दिवसांत एकतीस रोगी? आणि सगळ्यांनी औषध घेतलं?" मोकाशींनी त्यांच्याहून जास्त आश्चर्याने हो म्हटलं.

साहेबांनी शेरा मात्र सरकारी मारला. दवाखाना उत्तम चालतो. चित्र नियमास धरून नाही, सबब अन्य दवाखान्यांत काढू नये. या भिंतीवरचं पुसायचं तर वेगळी मंजुरी लागेल, सबब राहू द्यावं. अशा रीतीने चित्र वाचलं आणि चित्रकार बुडाला.

देवरामने मेव्हण्याला दोन ओळी टाकल्या, खोली झाडली, ट्रंक बांधली. नाशिकची मोटार पळसमाळवरूनच जायची. तिथे मोटार पाणी प्यायला थांबली, तसा तो दवाखान्याकडे शेवटचं बघून घ्यावं म्हणून खाली उतरला. उतरला तो लटपटतच. दात वाजत होते. फाटकाशी पोशी भेटली.

"रडतोस का?"

"नाही. थंडी वाजतेय."

तिने त्याच्या मानेला हात लावला. "भाजून निघालास की रे!" आणि वळून ओरडली, "डाक्तर! तुझा पेंटर आला. या खेपेला खरा आजारी हाय."

मोटार ट्रंक घेऊन नाशिकला गेली. देवराम खाटेवर गेला, आपल्याच चित्राखाली.

दुपारपर्यंत टेकडीवरून माणसं उतरायला लागली. लक्ष्या आला आणि पाय धरून बसला. सोमीने पेज आणली. मडक्यावर झाकण होतं. घागरवाली आली, पाला आला, कोंबडीही आली. देवराम पुटपुटला, "अगं, जरा वारा येऊ द्या." कोणी ऐकलं नाही. डॉक्टर दारात उभे होते. पाटी त्यांच्या डोळ्यांसमोर होती. पोशीने त्यांच्याकडे बघून नुसतं म्हटलं, "बसलास तर हात चालव." डॉक्टर मोकाशी खाटेच्या कडेला टेकले आणि सुपाने वारा घालायला लागले. चुकीच्या हाताने घालत होते, तेही त्यांना सांगण्यात आलं.

देवराम नऊ दिवसांनी उठला. छपराकडे बघायला त्याला सवड मिळाली नव्हती. किती वासे होते, ते अखेर कळलंच नाही.

दवाखान्यात ड्रेसरची एक जागा मंजूर होऊन रिकामी पडली होती. मलमपट्टी करायला या रानात कोण येणार? डॉक्टरांनी त्यावर देवरामला घेतला. अर्जात 'विशेष पात्रता' असा रकाना होता. तिथे डॉक्टरांनी लिहिलं: 'हात थंड आहेत.' ट्रंक महिन्याने नाशिकहून परत आली, सोबत मेव्हण्याचं रागाचं पत्र. तेही ट्रंकेतच पडलं. पुढे पुष्कळ वर्षं औषधाच्या बाटल्यांवर दरबारी अक्षरात चिठ्ठ्या लागत राहिल्या. खोकल्याच्या औषधाला इतकी शाही चिठ्ठी ठाणे जिल्ह्यात दुसरीकडे कुठे मिळाली नसेल.

फक्त एक काम राहिलं होतं. देवराम बरा झाल्यावर पहिल्याच आठवड्यात नवशी काठी टेकत आली, चित्रापुढे बसली आणि एक एक माणूस मोजून म्हणाली, "तू कठं हायस? त्या दिवशी उशाशी कोण होतं?"

"अगं, आधी मी खाटेवरच होतो."

"तिथं आता माझे पाय हायत. तू उशाशी ये."

देवरामने शिडी लावली. उशाशी थोडी जागा केली, तिथे एक उंच माणूस बसवला आणि त्याचा लांब बोटांचा हात गर्दीतून आत, न दिसणाऱ्या कपाळावर ठेवला. हात फार सुरेख जमला. चेहऱ्याकडे वळला तेव्हा मात्र जुनी सवय आडवी आली: गोरा रंग, वर वळलेल्या मिशा, दूर कुठेतरी लागलेली नजर.

नवशीने चित्रावर काठी टेकवली.

"पाय माझे हायत," ती म्हणाली. "हात तुझा हाय. तोंड कुणाचं?"